उघड्या कुपीवरचा हात

जे औषध उष्णता सोसते ते कुपीत भरून, बूच लावून, वाफेच्या भांड्यात घातले की भरताना शिरलेला जंतूही मरतो. पण लसी व कित्येक प्रथिनजन्य औषधे तापवता येत नाहीत. तेथे औषध, कुपी आणि बूच निरनिराळी निर्जंतुक करून मग एकत्र आणावी लागतात. कुपीचे तोंड उघडे असते त्या चार क्षणांत आत गेले ते थेट रोग्याच्या दंडात जाते.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचल्यावर १९ माणसे धनुर्वाताने दगावली. लस आपल्या परळची. ठपका हाफकिनसाहेबांवर आला. पुराव्यात पुढे असे दिसले, की गावात बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन दोषमुक्त झाले ते १९०७ साली! चिमटा हा पडायचाच. तो हातात धरावा लागू नये, ही यंत्र आखणाऱ्याची जबाबदारी.

भरणयंत्राच्या माथ्यावरील गाळणीतून हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने सरळ खाली उतरते. त्या हवेत अर्ध्या मायक्रॉनचे व त्याहून मोठे कण घनमीटरमागे ३,५२० च्या वर चालत नाहीत. मात्र कामगाराने हात पुढे केला, की तीच हवा त्याच्या बाहीवरून कुपीत उतरते. आणि माणसाच्या कातडीचे कण सारखे गळतच असतात, तो कितीही न्हालेला असो.

एका कारखान्यात आडव्या पडलेल्या कुप्या उभ्या करणाऱ्या बाईला मेमो मिळाला. आम्ही फिटरला घेऊन पाहिले, तर फिरती तबकडी आणि पट्टा यांच्या उंचीत किंचित फरक होता; कुपी तेथेच अडखळे. फरक काढल्यावर बाईचा हात आत जाणे थांबले. मेमो मागे घ्यायला तीन महिने लागले, ते सोडा.

म्हणून शहाणा आराखडा मोटारी पत्र्याखाली ठेवतो, उघडे आटे टाळतो, उघड्या कुपीच्या वर काही येऊ देत नाही. त्याच्या पुढची पायरी आयसोलेटर: बंद पेटी, आतून हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुक केलेली, माणूस बाहेर, हात पेटीलाच जोडलेल्या मोज्यांत. त्या मोज्याला बारीक भोक पडले तरी धोका, म्हणून प्रत्येक भरणीच्या आधी व नंतर तो तपासतात. भोक दिसताच यंत्र थांबवायचा अधिकार भरणाऱ्या कामगाराला हवा. त्याचा बोनस तासाच्या कुप्यांवर बांधला असेल, तर तो थांबवील कसा?