मौन म्हणजे कुशल नव्हे

लोणावळें व वळवण येथील तलावांचें पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहांत जातें. १९१५ पासून हा क्रम चालू आहे. वरून निरोप येणेंच तुटलें, तर खालच्यानें ‘सर्व कुशल’ समजावें काय? संगणकाच्या सर्व्हरवर पहारा ठेवणाऱ्यांपुढेंही हाच प्रश्न असतो. सर्व्हर पुन्हा सुरू केला, वा त्यावर नवी आज्ञावली बसविली, कीं पहारा ठेवणारी आज्ञावली कधीं कधीं बंदच राहते. मग रात्रीं सेवा कोसळली तरी कोणास पत्ता लागत नाहीं. म्हणून पहारा सर्व्हरबरोबर आपोआप सुरू व्हावा. सेवेची ओळख बदलत्या क्रमांकानें नव्हे, कायम नांवानें पटावी. आणि ठरल्या वेळीं हजेरी न लागल्यास तोच धोक्याचा इशारा मानावा. सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हा चालू केल्यावर पहारा आपण होऊन परतला, तरच व्यवस्था पुरी झाली.