दणका गेला कुठे?

जळगाव-धुळ्याकडच्या राष्ट्रीय छात्रसेनेतील कित्येकांनी नेमबाजीचा पहिला धडा ‘पॉइंट टू टू’ रायफलीवर गिरवला. तिचा ‘नंबर दोन मार्क चार’ हा प्रकार म्हणजे पहिल्या महायुद्धात गाजलेल्या ‘थ्री नॉट थ्री’चा पुनर्जन्म! नळी बारीक छिद्राची केली आणि चापाची टाचणी काडतुसाच्या मध्याऐवजी कडेवर आदळेल अशी केली.

हा खटाटोप कशासाठी? गणित करून पाहा. थ्री नॉट थ्रीची गोळी सुमारे ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तिच्याइतकाच संवेग ४ किलोच्या रायफलीला उलट दिशेने मिळतो. वायूंचा वाटा सोडला तरी रायफल सेकंदाला २ मीटर वेगाने खांद्यावर आदळते. पॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमची, वेग सुमारे ३३० मीटर. तिची रायफल मागे येते फक्त २० सेंटिमीटर वेगाने. वेग दहावा हिस्सा, पण गतिज ऊर्जा शंभरावा!

दणक्याच्या भीतीने नवखा चाप ओढतानाच डोळे मिटतो आणि नेम चुकतो. भीती गेली की हात स्थिरावतो. मात्र लहान गोळीही जीव घेते, हे विसरू नका. म्हणूनच असा बदल हे घरी करून पाहण्याचे नव्हे, तर शस्त्रशाळेतील कुशल कारागिरांचे काम आहे.

आता सांगा, रायफल दुप्पट जड असती तर दणक्याची ऊर्जा किती उरली असती?