शरणपूरची पोरं

आमच्या कसब्यात बसून आफ्रिकेची आठवण काढायची, तर पुण्यातल्या भोसल्यांच्या लाल महालापासूनच सुरुवात करावी लागते. पुणे-सुपे ही भोसल्यांची जहागीर मुळात निजामशाहीतली. त्या निजामशाहीचा शेवटचा खंदा कारभारी मलिक अंबर हा हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. त्याची गोष्ट आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पराक्रमाने वर आलेल्या माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. त्याच समुद्रावर, त्याच धंद्यात विकली गेलेली, पण वजीर-बिजीर न झालेली पोरंही महाराष्ट्रात आली होती, आणि त्यांच्यासाठी नाशकात एक संस्था चालत होती. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

नाशिकचा शरणपूर रोड माहीत नाही असा माणूस विरळा. दुकानं, बँका, दवाखाने, संध्याकाळी गाड्यांची रांग. पण हे ‘शरण’ कोणाचं, असा प्रश्न मलाही कित्येक वर्षं पडला नव्हता. चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात शहराबाहेर ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी एक गाव वसवलं, ते शरणपूर. धर्म बदलला की घर सुटायचं, जात वाळीत टाकायची, पाण्यालाही हात लावू द्यायची नाही. अशा लोकांचा हा आसरा. १८६० च्या सुमारास तिथे आणखी एक दालन उघडलं, आफ्रिकन मुलांचं.

ही मुलं नाशकात पोचली कशी? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून अरबस्तानाकडे निघालेली गलबतं ब्रिटिश आरमार अडवायचं. सुटका तर झाली, पुढे काय? परत किनाऱ्यावर सोडावं तर दुसऱ्याच दिवशी दुसरा दलाल धरणार. म्हणून काहींना एडनला उतरवत, काहींना मुंबईला. मोठी माणसं गोदीत आणि बोटींवर पोटाला लागायची. पोरांचं काय करावं, हे सरकारला उमजेना. आयझेनबर्ग नावाचा जर्मन पाद्री आधी हबसाणात राहून आलेला होता. त्याने मुंबईत अशा मुलांसाठी आश्रम चालवला आणि पुढे तो शरणपूरला हलला. याओ, मकुआ, गाला अशा कितीतरी जमातींची मुलं गोदावरीच्या काठी एका छपराखाली आली. एकमेकांची भाषाही न कळणारी.

शाळेत बाराखडी आणि बायबल तर होतंच, पण जोडीला सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे आणि मुलींना शिवण-टिपण. मला सगळ्यात खटकतात ती नावं. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग. पाद्र्यांचीच आडनावं पोरांना. आईने काय हाक मारली असेल, ते बहुतेकांच्या बाबतीत कुठेच लिहिलेलं नाही.

ही संस्था चांगली की वाईट, असा सरळ निकाल मला देता येत नाही. पोरांना जेवण, छप्पर आणि धंदा मिळाला. त्या काळात दुसरं कोणी ते देत नव्हतं. पण ‘पुढे तुला काय व्हायचंय’ हे त्यांना कोणी विचारत नव्हतं. शरणपूर ही जणू एक वखार होती. आफ्रिकेत जाणाऱ्या साहेबांना तयार माणसं लागली, की इथून उचलायची.

१८६५ साली आफ्रिकेतल्या शोधमोहिमांसाठी गाजलेला डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत आला आणि त्याने शरणपूरची नऊ पोरं बरोबर घेतली. इंग्रजीत ती ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जातात. मुंबईच्या पलटणीतले शिपाई, उंट, म्हशी, खेचरं असा लवाजमा झांझिबारवरून पुढे निघाला. अशा तांड्यांत पैशाच्या जागी कापड, मणी आणि तारांची वेटोळी चालत. आमच्या तांबट आळीत मठारणीचा आवाज ऐकताना मला उगाच ती वेटोळी आठवतात. माणसाची किंमतही तिकडे त्याच मापाने मोजली जात होती. लिव्हिंगस्टन आपल्या रोजनिशीत या पोरांवर पुष्कळदा वैतागलेला दिसतो. आळशी आहेत, ऐकत नाहीत. उपाशीपोटी चिखल तुडवणारी ती पोरं साहेबाबद्दल काय म्हणत असतील, ते अर्थात रोजनिशीत नाही.

त्याच रोजनिशीत एक प्रसंग मात्र आहे. याओ मुलखातल्या एका गावी तांडा बघायला गर्दी जमली. नऊ जणांतल्या अब्राहमने त्या गर्दीत आपला मामा ओळखला. ओळख पटली, तेव्हा कळलं की तो धरला गेल्यावर त्याची आई आणि दोन्ही बहिणीही अरबांना विकल्या गेल्या. मामा म्हणाला, राहा इथेच. लिव्हिंगस्टननेही तेच सुचवलं. अब्राहम राहिला नाही. आई नाही, बहीण नाही, तिथे राहून काय करू, असं म्हणून त्याने पुन्हा ओझं उचललं. नाशिकपासून निघून तो आपल्या गावापर्यंत पोचला होता, आणि तिथे त्याचं कोणी उरलं नव्हतं.

१८७२ मध्ये लिव्हिंगस्टनच्या मदतीला दुसरी तुकडी गेली. तीत जेकब वेनराइट, कारस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन अशी पोरं होती. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा ती तिथे होती. काळीज झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. शेवटची प्रार्थना जेकबने म्हटली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीख त्यानेच कोरली. तो बुंधा पुढे कापून लंडनला नेला. चुमा आणि सुसी या लिव्हिंगस्टनच्या दोन जुन्या साथीदारांच्या पुढारपणाखाली तांड्याने तो देह दीड हजार किलोमीटरहून जास्त चालत किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचवला. यांतला चुमाही मुंबईत पाद्री डॉ. विल्सनच्या शाळेत शिकलेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्या आठ जणांत एक जेकब होता. शरणपूरच्या शाळेत अक्षर घोटलेल्या या पोराने रोजनिशीही लिहिली. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूची, एका आफ्रिकन माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली ती साक्ष आहे.

पुढची हकीकत बार्टल फ्रिअरशी जोडलेली आहे. हा मुंबईचा माजी गव्हर्नर. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, म्हणजे तेव्हाचं गणेशखिंडीतलं गव्हर्नमेंट हाउस, त्याच्याच कारकिर्दीत बांधायला घेतलेलं. १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद करण्याच्या वाटाघाटींसाठी तो तिकडे गेला आणि सुटलेल्या गुलामांसाठी आफ्रिकेतच वसाहत हवी, असा आग्रह त्याने धरला. १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोर ‘फ्रिअर टाउन’ उभं राहिलं. ते उभारायला गेला तोच प्राइस, आणि मागोमाग शरणपूरची माणसं. बायकापोरांसकट दीडशेच्या आसपास. तिकडे त्यांचं नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. गलबतांतून नव्याने सुटून येणाऱ्या लोकांना शिकवणारे मास्तर, सुतार, लोहार आता हेच. गोरे पाद्री मात्र पगारात आणि मानात त्यांना खालचीच पायरी देत. त्यावरून वारंवार खटके उडाले.

त्यांच्यातला विल्यम जोन्स १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या रबाईला शिक्षक म्हणून गेला होता. १८८५ मध्ये इश्माएल सेमलर या सोबत्याबरोबर त्याला डीकनची, म्हणजे पहिल्या पायरीच्या पाद्र्याची, दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टनबरोबर तो युगांडाच्या वाटेला लागला. बिशप मूठभर माणसं घेऊन पुढे गेला आणि मारला गेला, तेव्हा मागे राहिलेला तांडा सुखरूप रबाईला परत आणला तो जोन्सने. बिशपच्या नावाने पुढे चरित्रं निघाली. जोन्सचा उल्लेख त्यांत येतो, पण दुय्यम पात्रासारखा.

आफ्रिकेतच वसाहत झाल्यावर शरणपूरच्या त्या दालनाचं काम संपलं. मराठी ख्रिस्ती वस्ती राहिली, दफनभूमी राहिली, रस्त्याला नाव राहिलं. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबाशात जगला. फ्रिअर टाउनमध्ये गुलाम धरणाऱ्यांची चाहूल लागली की एक घंटा वाजवत. ती घंटा अजून चौकात उभी आहे. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात. त्यावरून त्या भागाचं नाव केंगेलेनी.