सीरियातून निघालेलं कुटुंब कुठवर पोहोचतं?

मार्च २०११मध्ये सीरियाच्या दक्षिणेकडच्या दरा शहरात निदर्शनं सुरू झाली. सरकारने ती गोळ्या घालून दडपली, त्यातून युद्ध पेटलं, आणि दोन कोटींहून अधिक लोकवस्तीच्या या देशात निम्म्याहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. ते कुठे आणि कसे गेले हे क्रमाने पाहिलं, तर जगभरच्या निर्वासितांची वाट बरीचशी उलगडते.

भूमध्य समुद्रातल्या रबरी होड्यांची छायाचित्रं आपण इतकी पाहिली आहेत, की घराबाहेर पडलेला माणूस थेट युरोपच गाठतो असं वाटू लागतं. प्रत्यक्षात घर सोडणारं कुटुंब आधी जवळात जवळच्या ठिकाणी जातं. शेजारच्या गावी मामाकडे, नाहीतर बहिणीच्या सासरी. शेतावर नजर राहते, गोळीबार थांबला की परतता येतं. तिथेही बॉम्ब पडले की पुढचं गाव. सीमा ओलांडेपर्यंत कायद्याच्या भाषेत ही माणसं निर्वासित नसतातच. ती आपल्याच देशात विस्थापित असतात, आणि ज्या सरकारच्या भीतीने पळाली त्याच सरकारच्या हवाली असतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक संस्थेनुसार २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख लोक बळजबरीने घराबाहेर होते. त्यांतले ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात अडकलेले होते. ज्यांनी सीमा ओलांडली त्यांतलेही दोन तृतीयांश शेजारच्याच देशात थांबले.

दराच्या लोकांसाठी तो शेजार म्हणजे जॉर्डन. सीमा काही किलोमीटरवर, भाषा तीच, कित्येकांचे नातेवाईक पलीकडे. जुलै २०१२मध्ये सीमेपासून सुमारे बारा किलोमीटरवर, उजाड माळावर झातारी छावणी उभी राहिली. वर्षभरात तिथली वस्ती लाखाच्या वर गेली. १९५१च्या निर्वासितविषयक करारावर जॉर्डनची सही नाही, तरी १९९८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेशी केलेल्या समझोत्यानुसार नोंदणीचं काम ही संस्था तिथे करते. नाव, गाव, घरातली माणसं लिहून घेतात आणि डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेतात.

ही प्रतिमा पुढे रोजच्या जेवणाशी जोडली गेली. २०१६पासून झातारीतल्या दुकानात बाई तांदूळ, तेल, साखर घेऊन गल्ल्यापाशी येते, एका छोट्या यंत्रात पाहते, ओळख पटते आणि तिच्या नावावरच्या मदतीतून बिलाची रक्कम वळती होते. कार्ड हरवायची भीती नाही, हे सोयीचं आहे. पण शरीराची ही खूण न देण्याचं स्वातंत्र्य त्या बाईला कितपत असतं, हा प्रश्न मला फार गंभीर वाटतो. शिवाय खात्यावर रक्कम किती असेल हे दूरचे देणगीदार देश ठरवतात. २०२३मध्ये निधी आटला, तेव्हा जॉर्डनमधल्या निर्वासितांची अन्नमदत सुमारे एक तृतीयांशाने कापली गेली.

छावणीत राहणारे तसे थोडेच. जॉर्डनमधले बहुसंख्य सीरियन अम्मान, इर्बिद, मफ्रक अशा शहरांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. काही वर्षांत गाठीचा पैसा संपतो, कामाचा परवाना सहजासहजी मिळत नाही, शाळा सुटलेला मुलगा चोरून मजुरी करू लागतो. पुढे जाण्याचा विचार होतो तो इथे. तोही सगळ्यांना परवडत नाही. दलालाला देण्यापुरते पैसे जमले तर घरातला एखादा तरुण आधी जातो.

विमानाने का जात नाहीत, असं अनेकजण विचारतात. विमानाचं तिकीट दलालाच्या दरापेक्षा कितीतरी स्वस्त असतं. पण आश्रयाचा अर्ज सहसा त्या देशाच्या भूमीवर पोहोचल्यावरच करता येतो, आणि जो आश्रय मागेल अशी शंका असते त्याला व्हिसा मिळत नाही. व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून ती त्याला चढूच देत नाही. आश्रय मागणं हा हक्क आहे, पण तिथवर जाण्याची कायदेशीर वाट बंद आहे. उरते ती समुद्राची वाट. तुर्कस्तानचा किनारा आणि ग्रीसचं लेस्बोस बेट यांच्यामधला समुद्र अगदी अरुंद जागी जेमतेम दहा किलोमीटर आहे. माणसं बुडाली ती त्या दहा किलोमीटरमध्ये, आणि या नियमांमुळे.

युरोपात नियम असा, की बहुतेकदा पहिलं पाऊल ज्या देशात पडलं त्यानेच अर्ज तपासायचा. ऑगस्ट २०१५मध्ये जर्मनीने सीरियनांपुरता तो बाजूला ठेवला, म्हणून लाखो लोक तिकडे गेले. तिथे मुलाखत होते. समोर अधिकारी, बाजूला दुभाषा. गाव कोणतं, चौकात काय आहे, तपासनाक्यावर कोणी अडवलं, तारीख कोणती. तारखा जुळल्या नाहीत तर संशय येतो, आणि भेदरलेल्या माणसाच्या तारखा नेमक्या जुळत नाहीत. शिवाय १९५१च्या करारात छळाची कारणं पाचच दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. ‘घरावर बॉम्ब पडला’ हे त्यांत बसत नाही. अशांना दुय्यम दर्जाचं संरक्षण मिळतं. मार्च २०१६मध्ये जर्मनीने या दर्जाच्या लोकांना कुटुंब बोलावण्याची दोन वर्षं बंदी केली. बायकामुलांना नंतर नेईन म्हणून पुढे गेलेले पुरुष तिकडेच अडकले.

तिसऱ्या देशाने स्वतःहून बोलावून घेणं, ही एक वाट उरते. पण एका वर्षात जगातल्या शंभर निर्वासितांमागे एकालाही ती मिळत नाही. ही वाट मिळालेल्यांचं आपल्या जवळचं एक उदाहरण आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. त्यांतले बरेचजण पुढे ब्रिटनसारख्या देशांत स्थिरावले. पण त्यांना तशी दारं उघडी होती.

८ डिसेंबर २०२४ला सीरियाचे राष्ट्राध्यक्ष असद यांची सत्ता कोसळली, आणि दुसऱ्याच दिवशी जर्मनीने सीरियनांच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले. परतणाऱ्यांची संख्या सप्टेंबर २०२५पर्यंत दहा लाखांपलीकडे गेली. परत जाण्याआधी घरातल्या एकाने जाऊन पाहून यायचं, ही साहजिक रीत; पण मायदेशी पाय ठेवला तर निर्वासिताचा दर्जा धोक्यात येतो. तुर्कस्तानने २०२५च्या पहिल्या सहा महिन्यांत अशा तीन फेऱ्यांना मुभा दिली, हे शहाणपणाचं झालं. जॉर्डनमधून निघणाऱ्यांना काळजी मुलांच्या कागदांची. सीरियन कायद्यात नागरिकत्व मुख्यतः वडिलांकडून येतं, त्यामुळे झातारीत जन्मलेल्या मुलाचा दाखला आणि त्याच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद, दोन्ही हातात लागतात. या कामासाठी छावणीतच न्यायालय आणि नोंदणी कार्यालय उघडलं गेलं. ज्यांनी तिथे वेळेवर नोंद केली, त्यांची मुलं सीरियात शाळेत नाव घालताना आपलं नागरिकत्व दाखवू शकतील.