यंत्र येण्याआधीच पैसे जातात तेव्हा

अर्धा एकर जमीन घ्यायची तरी आपल्याकडचा शेतकरी किती सावध असतो. सातबारा काढतो, फेरफार पाहतो, वकिलाकडून शोध अहवाल घेतो, आधी फक्त विसार देतो आणि उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी मोजतो. तोच शेतकरी द्राक्षबागेसाठी इटलीहून येणारा ब्लोअर किंवा चीनहून येणारे प्रतवारीचे यंत्र घेताना मात्र एका प्रोफॉर्मा इन्व्हॉइसच्या कागदावर दहा-बारा लाख रुपये आरटीजीएस करून मोकळा होतो. यंत्र अजून कारखान्यात बनलेलेही नसते. विक्रेत्याने एवढेच सांगितलेले असते की, परदेशी कंपनी पूर्ण पैसे आल्याशिवाय ऑर्डर घेत नाही. या वाक्यावर विश्वास ठेवणारा माणूस त्या क्षणापासून ग्राहक उरत नाही. तो विक्रेत्याचा सावकार होतो, तोही बिनव्याजी आणि बिनतारणाचा.

सावकार हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण कायद्याच्या नजरेत त्याची स्थिती जवळपास तशीच असते. जमिनीच्या व्यवहारात खरेदीदाराने आगाऊ दिलेल्या रकमेचा बोजा त्या जमिनीवर चढतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात तशी तरतूद आहे. फ्लॅट घेणाऱ्यांची बरीच फसवणूक झाल्यावर २०१६ मध्ये रेरा कायदा आला. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांतला ७० टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. यंत्राच्या खरेदीला यातले कुठलेच कवच नाही. उलट १९३० च्या मालविक्री कायद्याचे १८ वे कलम सांगते की, माल नेमका कोणता हे ठरल्याशिवाय त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही. तुमच्या नावाचे, तुमच्या अनुक्रमांकाचे यंत्र बाजूला काढले गेलेले नसेल, तर पूर्ण पैसे देऊनही तुमच्या मालकीचे काहीच नसते. आयातदार कंपनी बुडाली तर आधी तारण घेतलेल्या बँका आणि कामगार यांची देणी भागतात, आणि विनातारण धनकोंपर्यंत फारसे काही पोचत नाही. आगाऊ पैसे भरणाऱ्या खरेदीदारालाही दिवाळखोरी संहितेखाली धनको म्हणून उभे राहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले खरे. पण त्या दाराशी जायला किमान एक कोटीची थकबाकी लागते. बारा लाखांच्या ब्लोअरवाल्याला त्याचा काय उपयोग?

देशी यंत्राच्या बाबतीतही हा धोका आहेच. आयातीत तो वाढतो, कारण पैसे देणे आणि यंत्र हातात पडणे यांत महिने जातात, आणि तेवढ्या काळात विक्रेता प्रामाणिक असूनही बरेच काही बिघडू शकते. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे एकच जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाहतूक थांबली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपातून येणाऱ्या अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. सरकारी नियमही मधेच बदलतात. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्राने बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठीच सूट ठेवली. फवारणीच्या ड्रोनचे पैसे आधीच परदेशी गेलेले असतील, तर ते परत आणण्याचा प्रश्न त्या दिवशी सुरू झाला. माल न्हावाशेव्याला उतरला म्हणजे तरी सुटलो असे नाही. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, नाव आयातदाराचे असते, शेतकऱ्याचे नव्हे. आयातदाराकडे सीमाशुल्क भरायला पैसे नसतील तर कंटेनर तिथेच पडून राहतो, त्याचे भाडे चढत जाते, आणि तीस दिवसांत न सोडवलेला माल विकण्याची मुभा सीमाशुल्क कायद्यात आहे. ज्याने पूर्ण किंमत मोजली त्याला ते यंत्र उचलून आणण्याचा अधिकारच नसतो. त्यात शेतीची वेळ वेगळी. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या एकामागून एक येतात. ब्लोअर जानेवारीत आला तर त्याच्या किमतीबरोबर हंगामही गेला, आणि त्या नुकसानीची भरपाई करून देणारा करार सहसा कोणी केलेलाच नसतो.

आणखी एक धोका हल्ली वाढला आहे. परदेशी कंपनी आणि खरेदीदार यांच्यातला ई-मेलचा पत्रव्यवहार चोरून वाचायचा, आणि ऐन पैसे पाठवण्याच्या वेळी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल टाकायचा. कंपनीचे नाव तेच, शिक्का तोच, खाते मात्र चोराचे. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा व्यावसायिक ई-मेल फसवणुकीच्या एकवीस हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि नुकसान २९० कोटी डॉलरच्या वर गेले. रक्कम टप्प्याटप्प्याने जात असेल तर पहिल्या टप्प्यालाच घोळ लक्षात येतो. एकरकमी गेली की सगळीच जाते.

आता विक्रेत्याच्या त्या वाक्याकडे वळू. परदेशी कंपनी खरोखरच पूर्ण पैसे आधी मागते का? चिनी कारखान्यांशी व्यवहार करणाऱ्यांना ठाऊक आहे की तिथला सर्रास चालणारा रिवाज ऑर्डरसोबत ३० टक्के आणि उरलेले ७० टक्के माल जहाजावर चढण्याच्या सुमारास, असा आहे. म्हणजे आयातदार स्वतः सुरुवातीला तिसरा हिस्साही देत नाही. तो तुमच्याकडून शंभर टक्के घेतो, तेव्हा उरलेले सत्तर टक्के मधले काही महिने त्याच्या धंद्यात फिरत असतात: आधीच्या ग्राहकाचे यंत्र सोडवायला, जुने देणे फेडायला, नाहीतर नुसत्या भाड्या-पगाराला. असा धंदा नव्या बुकिंगवर जुनी डिलिव्हरी देत चालतो, आणि बुकिंग आटले की शेवटच्या रांगेतले लोक अडकतात. त्यात आयातदाराची नियत वाईट असायलाच हवी असेही नाही.

यावर पहिला आक्षेप सवलतीचा. पूर्ण पैसे भरले तर तीन टक्के सूट मिळते, ती का सोडायची? हिशेब मांडून पाहावा. बारा लाखांवर तीन टक्के म्हणजे छत्तीस हजार. हेच बारा लाख वर्षाला बारा टक्क्यांच्या कर्जाने उचलले असतील, तर चार महिन्यांचे व्याज अठ्ठेचाळीस हजार होते. सूट व्याजाइतकीही नाही, जोखमीचा मोबदला तर दूरच. शिवाय किंमत आजच गोठवून टाकल्याने करकपातीचा लाभही हातचा जाऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या बहुतेक यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांच्या करारात ‘मूळ किंमत अधिक डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेला कर’ असे लिहिलेले होते, त्यांना तो फरक हक्काने मागता आला. ‘सर्व करांसह एकरकमी’ असा सौदा केलेल्याला विक्रेत्याच्या मर्जीवर राहावे लागले.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. छोट्या आयातदाराकडे भांडवल नसते. ग्राहकाने ऐनवेळी पाठ फिरवली तर खास मागवलेले यंत्र तो कोणाला विकणार? ही भीती रास्त आहे, आणि त्यासाठीच विसार असतो. वीस-तीस टक्के रक्कम अडकलेला ग्राहक सहजासहजी पळत नाही. उरलेल्या भांडवलासाठी बँका आहेत. आयातदाराचा जमाखर्च पाहून बँक त्याला कर्ज देत नसेल, तर त्याचा ताळेबंद कधीच न पाहिलेल्या शेतकऱ्याने ते का द्यावे? द्राक्ष पट्ट्यात माल नेऊन पैसे न देता गायब होणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल दर हंगामात ओरड होते आणि ‘रोखीशिवाय माल देऊ नका’ असे एकमेकांना बजावले जाते. विकताना उधारी नको हे आपल्याला पटले आहे. खरेदी करताना आपण उधारीच देतो आहोत, हे मात्र अजून ध्यानात येत नाही.

बँकेच्या मार्गांबद्दलही भाबडेपणा नको. लेटर ऑफ क्रेडिट उघडले की विक्रेत्याने ठरलेली कागदपत्रे दाखवल्याशिवाय त्याला पैसे मिळत नाहीत. पण या व्यवहाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक फक्त कागद पाहते, माल पाहत नाही. खोक्यात भंगार असले तरी कागद बिनचूक असतील तर पैसे जातात. म्हणून माल चढण्याआधी त्रयस्थ संस्थेने तपासणी करून दिलेले प्रमाणपत्र त्या कागदांतच मागून घ्यावे लागते. एका शेतकऱ्याच्या पाच लाखांच्या यंत्रासाठी हा खटाटोप आणि बँकेचा आकार परवडत नाही, हेही खरे. तिथे शेतकरी उत्पादक कंपनीने पाच-सहा यंत्रे एकत्र मागवणे हाच शहाणपणाचा रस्ता. मोठ्या रकमांबाबत रिझर्व्ह बँकेचे आयातविषयक निर्देश अनेक वर्षे हेच सांगत आले आहेत: दोन लाख डॉलरच्या वर आगाऊ पाठवायचे तर सर्वसाधारणपणे परदेशी विक्रेत्याकडून बँकेची हमी घ्या. मोठ्या उद्योगांसाठी जी सावधगिरी नियमाने घातली, ती छोट्या खरेदीदाराने स्वतःच्या करारात स्वतःच घालायची आहे.

अनुदानाची गोष्ट थोडक्यात सांगतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पूर्वसंमती मिळण्याआधी घेतलेले यंत्र अनुदानाला पात्र ठरत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल नसलेले परदेशी मॉडेलही अडते. ‘अनुदानाचे नंतर बघू’ म्हणत घाईने पूर्ण पैसे भरून घेणारा विक्रेता इथेही तुमचेच नुकसान करत असतो.

राहिला शेवटचा भरवसा, ग्राहक आयोगाचा. शेतकरी हाही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या खटल्यात २०१२ मध्येच मान्य केले. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. पण यंत्र भाड्याने चालवायला घेतले असेल तर ‘हा व्यापारी हेतू’ असा वाद विरुद्ध बाजू घालणारच, आणि निकाल लागला तरी वसुली वेगळी. आयातदाराच्या नावावर तोवर काही उरलेले असेल, तरच त्या निकालाला किंमत.

तेव्हा सौदा लिहून घ्या: वीस-तीस टक्के विसार, पुढचा हप्ता यंत्राचा अनुक्रमांक आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत पाहून, मोठा हिस्सा डिलिव्हरीला, आणि निदान दहा टक्के यंत्र तुमच्या बागेत चालवून दाखवल्यावर. बँक खाते बदलल्याचा मेल आला तर जुन्या, माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. आणि जो शंभर टक्के आगाऊ मागतो पण तेवढ्या रकमेची बँक हमी द्यायला नकार देतो, त्याचे यंत्र कितीही चांगले असले तरी घेऊ नका.