बिघडलेलीं यंत्रें आणि दुरुस्तीचा खर्च

घरांतील माणसांचे श्रम वांचावेत म्हणून घरांत यंत्रें आलीं. परंतु मध्यम स्थितीच्या कुटुंबांत पुष्कळदां असें दिसतें कीं, महिन्याचा हिशेब जुळत आला असतांच एखादें यंत्र बंद पडतें आणि सारी घडी विस्कटते. दुरुस्तीचा आकडा ऐकून गृहिणी म्हणते, “एवढ्यांत आणखी थोडे घातले तर नवेंच येईल !” नवें येतें, जुनें भंगारांत जातें, व कांहीं वर्षांनीं तोच प्रकार पुनः घडतो. हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. त्यास कारणें आहेत, व तीं विद्यार्थिमित्रांस समजावीत एवढाच आमच्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक तत्त्व लक्षांत ठेविलें पाहिजे. यंत्रांत झिजावयाचा भाग व टिकावयाचा भाग हे निरनिराळे असतात. झिजावयाचा भाग स्वस्त असतो, आणि पुष्कळदां त्यानें आधीं निकामी होऊन महाग भागाचें रक्षण करावें अशीच योजना असते. फ्यूज हें याचें सर्वांत साधें उदाहरण होय. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला कीं ती बारीक तार वितळते आणि घर वांचतें. तिच्या जागीं जाड तार गुंडाळणारा मनुष्य चार पैसे वांचवून आगीस आमंत्रण देतो.

मिक्सरचेंही असेंच आहे. पुष्कळ मिक्सरांच्या तळाशीं तांबडें बटन असतें. वाटण घट्ट होऊन मोटारीवर भार पडला कीं तें प्रवाह तोडतें. यंत्र थंड होऊं द्यावें, जिन्नस कमी करावा, व मग बटन दाबावें. यंत्र पुनः चालूं लागतें. हें ठाऊक नसल्यामुळें धडधाकट मिक्सरही दुकानाची वाट धरितो.

छताचा पंखा गुणगुणतो पण फिरत नाहीं, अथवा फार सावकाश फिरतो, तेव्हां मोटार जळाली असें समजूं नये. साध्या पंख्याच्या मोटारींत दोन वेटोळीं असतात; त्यांपैकीं एकांतील प्रवाहाची वेळ किंचित् पुढेंमागें करून पात्यांस गति देण्याचें काम कपॅसिटर करितो. वर्षानुवर्षें तापून तो क्षीण होतो. तो बदलण्यास खर्च थोडा येतो. वेटोळें नव्यानें भरण्यास कितीतरी अधिक. नव्या तऱ्हेच्या बीएलडीसी पंख्यांची रचना मात्र निराळी असते.

विजेच्या बंबाची, म्हणजे गिझरची, कथा रसायनशास्त्राची आहे. विंधणविहिरीचें पाणी बहुधा दुष्फेन असतें. त्यांत विरघळलेलें कॅल्शियमचें बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होऊन तापकांडीवर पांढऱ्या थराच्या रूपानें बसतें. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळें कांडी आंतल्या आंत अति तापते व अखेर जळते. सांठ्याच्या बंबांत बहुधा मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः गंजून पोलादी टांकीस वांचविते. ती संपल्यावर टांकी गंजूं लागते, आणि टांकी गळूं लागली म्हणजे नवा बंबच घ्यावा लागतो. म्हणून वेळोवेळीं थर काढविणें व कांडी पाहविणें हें दुरुस्तीहून स्वस्त पडतें.

परंतु सारा दोष वापरणाराचा नाहीं. १९२४ सालीं जिनिव्हा येथें विजेचे दिवे करणाऱ्या बड्या कारखानदारांनीं फीबस नांवाचा संघ स्थापिला, व दिव्याचें आयुष्य १,००० तासांच्या आसपास ठेवण्याचें ठरविलें. अधिक टिकणारे दिवे करणारास दंड होई. अधिक प्रकाशासाठीं हें आवश्यक आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. आजही कित्येक यंत्रें स्क्रूऐवजीं डिंकानें बंद केलेलीं असतात, सुटे भाग मिळत नाहींत, आणि एका लहान दोषापायीं सबंध सर्किट बदलावें लागतें. ह्यावर उपाय म्हणून भारत सरकारनें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमिली. युरोपीय संघानेंही २०२४ सालीं त्याविषयीं निर्बंध केला.

निर्बंध आपलें काम करतील. आपलें आपण करावें. पावती व हमीपत्र जपून ठेवावें. कारागिरास बिघडलेल्या भागाचें नांव, त्याची किंमत व मजुरी निरनिराळीं विचारावींत, आणि जुना भाग परत मागावा. विद्यार्थ्यांनीं मात्र यंत्र स्वतः उघडूं नये; प्रवाह बंद केल्यावरही कपॅसिटरमध्यें वीज शिल्लक राहूं शकते.

शेवटीं कारागिराविषयीं दोन शब्द. पांच मिनिटांच्या कामास एवढे पैसे कां, असें आपण सहज विचारतों. पैसे पांच मिनिटांचे नसतात. दोष कोठें आहे हें ओळखण्यास लागलेल्या वर्षांचे असतात. लबाडी जरूर ओळखावी, पण प्रामाणिक मजुरीस घासाघीस करूं नये. नासरेथांत प्रभु येशूचे हात सुताराच्या कामानेंच घट्टे पडलेले होते, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं तरी हातांच्या विद्येस कमी लेखूं नये. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं ही विद्या सचोटीनें शिकली, तर पुष्कळ गरीब घरांचा भार हलका होईल.