'एक' ही वस्तू आहे का?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या देवळाशी संत नामदेव व विसोबा खेचर यांची एक कथा परंपरेने जोडलेली आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसतात. नामदेव रागावतात, तेव्हा विसोबा त्यांना सांगतात की, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय नेतील तिथे पिंड उभी राहते. कथा भक्तीची आहे, पण तिच्यातील तर्क पाहा. 'जिथे नाही' अशी जागाच सापडत नाही.

याच धाटणीचा तर्क इ. स. पूर्व पाचव्या शतकात दक्षिण इटलीतील एलिआ या ग्रीक वसाहतीतल्या पार्मेनिडीसने लढवला होता. देवाविषयी नव्हे, नुसत्या 'असण्या'विषयी. त्याचा गाभा असा मांडता येईल: दोन वस्तू वेगळ्या असायच्या तर त्यांना वेगळे करणारे काहीतरी हवे. ते 'आहे' म्हणावे तर तेही असण्यातच आले. 'नाही' म्हणावे तर जे नाहीच ते वेगळे करणार कसे? म्हणून असणे एकच, अखंड आणि न बदलणारे.

वसमतच्या बाजारात हळदीच्या राशी पाहणाऱ्याला हे पटणार नाही. पण न पटणे म्हणजे खोडून काढणे नव्हे. चूक कोणत्या पायरीवर झाली, ते दाखवावे लागते.

ते काम ॲरिस्टॉटलने (इ. स. पूर्व ३८४–३२२) 'मेटाफिजिक्स' या ग्रंथात हाती घेतले. 'असणे' आणि 'एक' ही स्वतंत्र तत्त्वे आहेत, असे प्लेटो व पायथागोरसपंथी मानत. ॲरिस्टॉटल म्हणतो, तसे मानले की आपण पुन्हा पार्मेनिडीसच्या सापळ्यात अडकतो. मग 'असणे' हा सर्वांत मोठा वर्ग मानावा काय? तेही जमत नाही. 'प्राणी' या वर्गाचे आपण 'शिंगे असलेले' व 'नसलेले' असे भाग पाडतो, तेव्हा भाग पाडणारा 'शिंगे असणे' हा गुण स्वतः प्राणी नसतो. 'असणे' या वर्गाचे भाग पाडायचे तर जो गुण घ्यावा, तोही 'असतो'च आणि 'एक'ही असतोच. आम्हाला हा युक्तिवाद त्या ग्रंथातील फार चलाख युक्तिवादांपैकी एक वाटतो.

त्याचे उत्तर असे, की 'आहे' आणि 'एक' हे शब्द अनेक अर्थांनी वापरले जातात. मोळी एक असते ती बांधल्यामुळे. जोडा मात्र नुसते तुकडे कसेही एकत्र आणून 'एक' होत नाही. ते ठरावीक रचनेत बसावे लागतात. मोजताना तर 'एक' म्हणजे निव्वळ माप. घोडे मोजायचे तर माप घोडा. माणूस, घोडा आणि देव एकत्र मोजायचे तर कदाचित 'सजीव'.

वर्गात हे रोज घडते. पाच कोंबड्या आणि तीन शेळ्या मिळून किती, असे विचारल्यावर एखादे मूल "कशाच्या?" म्हणते. त्याला गप्प बसवू नये. 'आठ जनावरे' म्हणताना आपण माप बदललेले असते. (युक्लिडच्या व्याख्येत संख्या म्हणजे एककांचा समूह. त्यामुळे ग्रीकांच्या लेखी 'एक' ही संख्याच नव्हती!)

माप मोजल्या जाणाऱ्या गोष्टीच्याच जातीचे हवे, लांबीला लांबीच हवी, असेही ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. इथे मात्र भौतिकशास्त्राने वेगळी वाट धरली. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाचा वेग व सेकंद यांवरून केली जाते: निर्वातात प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जितके अंतर कापतो, तितके. औंढ्याजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथे काटकोनातील दोन ४ किलोमीटरच्या भुजांची लांबी गुरुत्वीय लहरींमुळे प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी बदलते, ते ताडून पाहायचे आहे. त्यासाठी पट्टी लावली जाणार नाही. एकाच लेसरचा झोत दुभंगून दोन्ही भुजांत पाठवायचा आणि परत आलेले दोन झोत एकमेकांशी जुळतात का, ते पाहायचे.